ट्रॉम्सोला बिऱ्हाड हलवतोय: अंधार, बर्फ आणि रोजचं जगणं

कण्हेर | २३ जून २०२४

नमस्कार मंडळी. नवऱ्याला उत्तर नॉर्वेत, ट्रॉम्सोच्या विद्यापीठात काम मिळालंय. ऑगस्टमध्ये आम्ही तिघं निघतोय. तिसरी म्हणजे आमची कन्या, साडेतीन वर्षांची. मी सध्या सांगलीत एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते; तिकडे गेल्यावर काय करणार ते अजून अधांतरी आहे.

नेटवर शोधलं की नॉर्दर्न लाइट्सचे फोटो, कुत्र्यांच्या गाड्या आणि 'चार दिवसांत ट्रॉम्सो' एवढंच येतं. मला चार दिवसांचं नकोय. पोरीला पाळणाघरात कधी घेतात, थंडीचे कपडे इथून न्यावेत का, सूर्य उगवतच नाही तेव्हा माणसं दिवसभर काय करतात, दही लागतं का, असलं हवंय. सासूबाईंचा प्रश्न आणखी वेगळा: तिथे संकष्टीचा चंद्रोदय कधी धरायचा? हसू नका, त्या खरंच विचारतायत आणि माझ्याकडे उत्तर नाही.

त्या बाजूला कुणी राहिलंय का?

बोरकूट | २३ जून

वाचतेय. आमची मजल निफाडच्या थंडीपर्यंत, त्यामुळे माझ्याकडून फक्त शुभेच्छा.

भाकरवडी_६९ | २४ जून

मी राहते. मूळची पुण्याची, पण बरीच वर्षं इथे झाली. आयडीतला आकडा अक्षांशाचा आहे, जन्मसालाचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आधी कागद, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. आल्यावर निवास परवान्यासाठी पोलिसांकडे जायचं, मग कर खात्यात ओळख पटवायची, त्यानंतर तुम्हाला अकरा आकडी क्रमांक मिळतो. तो मिळाला की बँकेत खातं, खात्यामागून बँकआयडी (ऑनलाइन ओळख पटवायची सोय), आणि बँकआयडी आला की तुम्ही माणसांत आलात. डॉक्टर निवडणं, पाळणाघराचा अर्ज, फोनवरून पैसे देणं, सगळं त्यानेच उघडतं. मधल्या काळात पगार आहे पण खातं नाही अशी गंमत होऊ शकते, तेव्हा भारतातलं परदेशात चालणारं कार्ड भरून आणा. पोलिसांची वेळ निघण्याआधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची झुंबड असते.

घरांचंही तेच. बरीच घरं हिवाळ्यात पर्यटकांना रोजच्या भाड्याने जातात, त्यामुळे वर्षभराच्या भाडेकरूला ओढाताण आहे. अनामत रक्कम घरमालकाच्या हातात देऊ नका. कायद्याने ती तुमच्या नावाच्या वेगळ्या खात्यात राहते आणि सहा महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. 'सरळ मलाच पाठवा' म्हणणारे भेटतात. मला भेटला होता. मी दुसरं घर शोधलं.

वीजबिलाला घाबरू नका. घरं विजेवरच तापतात, पण उत्तर नॉर्वेत घरगुती विजेवर मूल्यवर्धित कर नाही आणि दरही बहुतेक वेळा दक्षिणेपेक्षा कमी असतो. ऑस्लोवाल्यांची रडगाणी वाचून अंदाज बांधू नका.

कपडे: पुण्या-मुंबईतून जाडजूड जॅकेट आणू नका, बॅग भरेल आणि इथे ते वाऱ्याला पुरणार नाही. अंगालगत लोकर, वर लोकर, त्यावर वारा-पाणी अडवणारं कवच. सुती बनियन घामाने ओलं झालं की हाडं गारठतात. बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे जाड मोजा मावतो. बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते पहिल्या बर्फाच्या आधी घ्या. इथली थंडी फार कडक नसते, समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीची सरासरी उणे तीन-चारच्या आसपास, बंदर गोठत नाही. पण त्यामुळेच बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि रस्त्याची काच होते. हाड मोडून दवाखान्यात जाणारे थंडीने नाही, निसरड्याने जातात. आणि अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्या: जॅकेटला, दप्तराला, पोरीला, सगळ्यांना. अंधारात गाडीवाल्याला तुम्ही दिसलात तर दिसलात.

अंधार. साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजावर येत नाही. पण २१ डिसेंबरलासुद्धा दुपारी तो क्षितिजाखाली फक्त तीनेक अंशच असतो. त्यामुळे दुपारच्या सुमाराला काही तास निळा-जांभळा उजेड असतो, आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेला गुलाबी कडा. त्या वेळात घरात बसायचं नाही. जेवणाची सुट्टी बाहेर काढायची, मुलीला बाहेर न्यायचं. हे औषधासारखं पाळा. डी जीवनसत्त्वासाठी लोक कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतात, रोज एक छोटा चमचा. तुम्ही शाकाहारी असाल तर थेंब मिळतात. आल्यावर डॉक्टरांकडून डी आणि बी-१२ दोन्ही तपासून घ्या.

आणि खरं सांगू का, अंधाराची भीती जरा जास्तच घातली जाते. मला जड जातो तो एप्रिल. तिकडे हापूस आणि पन्ह्याचे फोटो येत असतात आणि इकडे अंगणात कमरेएवढा बर्फ. ट्रॉम्सोत नोंदलेला सगळ्यात जास्त बर्फ, २४० सेंटिमीटर, २९ एप्रिल १९९७ चा आहे. जानेवारीचा नाही, एप्रिलचा.

पाळणाघर आणि खाण्याचं नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

नागपुरी_संत्रं | २४ जून

मी फिनलंडमध्ये औलूला आहे, टेलिकॉममध्ये. हे आर्क्टिक सर्कलच्या खाली आहे, त्यामुळे आम्हाला डिसेंबरातही साडेतीन तास सूर्य मिळतो, ट्रॉम्सोवाल्यांपुढे आम्ही श्रीमंत. पण थंडी इथे खरी. उणे पंचवीस होतं, बोथनियाचं आखात गोठतं, लोक समुद्रावरून चालत जातात. नागपूरच्या पंचेचाळीसमधून आलेला माणूस मी, पहिल्या हिवाळ्यात नाकातले केस गोठले तेव्हा कळलं की नाकातही केस असतात.

इथे लोक वर्षभर सायकल चालवतात, बर्फातसुद्धा. सायकलचे रस्ते आधी साफ होतात, गाड्यांचे मागून. मीपण चालवतो, खिळ्यांचे टायर लावून. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपाशी विजेचा खांब असतो, सकाळी निघायच्या आधी इंजिन गरम करायला. घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, गाडीला पण चहा लागतो का तिकडे.

बाकी भाकरवडीताईंशी एका बाबतीत असहमत. जड जातो तो जून. झोपच येत नाही बाप्पा. रात्री दोनला शेजारी लॉन कापतो.

सदाशिव_पेठी_शंका | २४ जून

विषय निघालाच आहे तर: लोकमान्यांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ स्थान ध्रुव प्रदेशात होतं असा सिद्धान्त मांडला होता. ऋग्वेदातल्या उषासूक्तांत अनेक दिवस चालणारी पहाट आहे, ती पुण्यात दिसत नाही, असा त्यांचा मुद्दा. ट्रॉम्सोकरांनी यावर प्रकाश टाकावा. (शब्दश्लेष अभिप्रेत आहे.)

भाकरवडी_६९ | २५ जून

@शंका, सिद्धान्त आजचे इतिहासकार आणि भाषाशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत, तेव्हा त्यात शिरत नाही. पण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रोज दुपारी थोडी जास्त पहाट होते आणि सूर्य काही येत नाही, ते बघताना उषेवर एवढी सूक्तं का लिहाविशी वाटावीत ते मला समजतं. मंडालेत बसून नव्हे, त्याच्या आधीच लिहिलं होतं त्यांनी ते, तेव्हा तो गोंधळ कुणी इथे करू नका.

आता संकष्टी. सासूबाईंना सांगा की त्यांचा प्रश्न इथल्या खगोलाचा नेमका प्रश्न आहे. हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाशात उंच असतो, उन्हाळ्यात अगदी खाली. इतक्या उत्तरेला त्याचा परिणाम असा की हिवाळ्यातल्या काही संकष्टींना चंद्र मावळतच नाही आणि उन्हाळ्यातल्या काहींना उगवतच नाही. मी गावाकडच्या, म्हणजे माझ्या बाबतीत पुण्याच्या, पंचांगातली वेळ घेते आणि उपास सोडते. इथले बरेच मुस्लिमही रोजासाठी मक्केची वेळ धरतात. देव समजून घेत असावा.

पाळणाघर: वयाचं पहिलं वर्ष पूर्ण झालं की जागा मिळते, अर्ज पालिकेकडे. ऑगस्ट २०२४ पासून महिन्याची कमाल फी २००० क्रोनर होतेय. आमच्या उत्तरेला, नॉर-ट्रॉम्स आणि फिनमार्कमध्ये, ती २०२३ पासून माफच आहे. माणसं टिकून राहावीत म्हणून. ट्रॉम्सो शहर त्यात बसत नाही.

पहिल्या आठवड्यात तुमच्या पोटात गोळा येईल. पोरं पावसात, चिखलात, बर्फात, सगळीकडे बाहेर असतात. तान्ही बाळं बाबागाडीत बाहेर झोपतात. मुलीला वन-पीस बर्फाचा पोशाख, रबरी पावसाळी पोशाख, लोकरीचे दोन जोड, मोजे-हातमोजे भरपूर, आणि सगळ्यावर नाव. वापरलेले मुलांचे कपडे ऑनलाइन स्वस्तात मिळतात, नवं घेऊ नका. पाळणाघरात कपडे वाळवायचं कपाट असतं, हिटर लावलेलं. ते पाहिलं की वाटतं, आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक घरात हे का नाही.

मावशी_पुणेकर | २५ जून

बाहेर झोपवतात?! उणे तापमानात? कण्हेर बाई, जपून हो.

भाकरवडी_६९ | २५ जून

मावशी, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली असतात. आत येतात ती लाल टमाटे होऊन.

तिरफळ | २६ जून

गोंयकार. मी वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात काम केलंय. ट्रॉम्सोवरून वर जाणारी विमानं आम्हाला पाठ आहेत, कारण स्वालबार्डवर, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ध्रुवीय बेटांवर, न्यू-ओलेसुंडला आपलं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून आहे. तिथे मी गेलो तेव्हा वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागायचं, रेडिओ दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलापासून रक्षणासाठी बंदूकवाला माणूस बरोबर. त्यापुढे ट्रॉम्सो म्हणजे पणजी.

मासे खाणाऱ्यांसाठी: जानेवारी ते एप्रिल तिथे बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला आलेला मोठा कॉड मिळतो. ताजा. नुसता वाफवून, बरोबर त्याची गाभोळी आणि यकृत, असा स्थानिक बेत असतो. आम्ही गाभोळी हळद-मीठ-तिखट लावून रव्यात तळली, नॉर्वेजियन सहकारी चिडीचूप खात होता. बांगडाही मिळतो, आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट. आमसुलं आणि तिरफळ मात्र घेऊन जा, त्याला तिथे पर्याय नाही.

मावशी_पुणेकर | २६ जून

आणि तूप? आमच्या भाचीचं विमानतळावर काढून घेतलं म्हणे.

भाकरवडी_६९ | २६ जून

बरोबर आहे मावशी. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नॉर्वेत आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बासुंदीची पावडर, काही नाही. पण इथलं बिनमिठाचं लोणी उत्तम आहे, कढवलं की रवाळ तूप होतं. दही लागतं, विरजण स्थानिक दह्याचंच घ्या आणि भांडं न्हाणीघरात ठेवा. हसू नका! न्हाणीघराच्या फरशीखाली तापणाऱ्या तारा असतात, इडलीचं पीठही तिथेच फुगतं. डाळी, पोहे, पीठ आशियाई दुकानांत मिळतं, कोथिंबीर महाग, कढीपत्ता नशिबात असेल तर. गोडा मसाला, भाजणी, आमसुलं आणा. कुकरच्या शिट्ट्या आणि गॅस्केट जास्तीची आणा.

कण्हेर | २६ जून

किती किती आभार! प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय. सासूबाई म्हणाल्या, चंद्र मावळतच नाही तर मग उपासच नको. त्यांनीच निकाल लावला.

कण्हेर | ६ नोव्हेंबर

पोचून, स्थिरावून लिहितेय. क्रमांक आला, खातं आलं, डॉक्टर मिळाल्या. मुलीला सोळा वर्षांखालच्यांना असतं तसं सगळं मोफत. आम्हाला दर भेटीला थोडे पैसे, तेही वर्षाच्या ठरावीक मर्यादेपर्यंत. दात मात्र मोठ्यांनी आपले आपण सांभाळायचे, आणि ते जबर महाग आहे. जे कुणी यायच्या विचारात आहेत त्यांनी भारतातून दात करूनच यावं. रूट कॅनल राहिलं असेल तर विमान पुढे ढकला.

शहर एका बेटावर आहे, दोन्ही बाजूंना पूल. डोंगराखालून बोगदे आहेत आणि बोगद्यात चक्क चौक आहे, गाड्या गोल फिरून वेगवेगळ्या दिशांना जातात. पार्किंगही डोंगराच्या पोटात. रेल्वे नाही. सगळ्यात जवळचं स्टेशन नार्विक, बसने अर्धा दिवस घालवायचा आणि तिथून गाडी स्वीडनमध्ये जाते. मिरज जंक्शनजवळ वाढलेल्या बाईला हे पचायला वेळ लागतोय.

रविवारी दुकानं बंद. जवळपास सगळी. पहिल्या रविवारी दूध संपलं तेव्हा कळलं.

दिवाळी झाली. आकाशकंदील खिडकीत लावला, शेजारीण येऊन विचारून गेली. डिसेंबरच्या आधी इथे सगळेच खिडकीत कागदी तारे लावतात म्हणे, तेव्हा आमचा काढायचा नाही असं तिनेच बजावलं.

सध्याचा काळ मात्र अवघड आहे. दिवस झपाट्याने लहान होतायत, पाऊस, काळा ओला रस्ता, बर्फ अजून टिकत नाही. डिसेंबरचं ऐकून भीती वाटतेय.

भाकरवडी_६९ | ६ नोव्हेंबर

अगं, हेच सगळ्यात काळं असतं. बर्फ टिकला की रस्त्यावरचे दिवे त्यावर पडतात आणि गाव उजळतं. थोडं थांब. टायर बदललेस का? १६ ऑक्टोबरपासून खिळ्यांचे चालतात.

कण्हेर | ७ नोव्हेंबर

गाडी नाही घेतली. भारतीय परवान्यावर सुरुवातीचे तीन महिनेच चालवता येते, पुढे इथलाच काढायचा. त्यात निसरड्यावर गाडी सांभाळायचा वेगळा धडा सक्तीचा आहे आणि खर्च ऐकून नवरा म्हणाला, बस छान आहे.

नागपुरी_संत्रं | ८ नोव्हेंबर

ऑरोरा, म्हणजे ते नॉर्दर्न लाइट्स, पाहिला का? १० मे च्या रात्री सौर वादळ आलं तेव्हा लडाखमधून, हान्लेहून दिसला. आणि त्याच रात्री ट्रॉम्सोत रात्रच नव्हती, आकाश उजळ. उत्तरेला जाऊन लोक हात हलवत बसले आणि लडाखवाल्यांनी पाहिला!

कण्हेर | ८ नोव्हेंबर

पाहिला. कचरा टाकायला गेले होते. आता पोरगी म्हणते, 'आई, परत हिरवं आलंय,' आणि टीव्ही बघत बसते.

कण्हेर | ५ फेब्रुवारी २०२५

सूर्य आला! गणिताने तो १५ जानेवारीला क्षितिजावर येतो, पण दक्षिणेला डोंगर आहेत म्हणून गावातून दिसायला २१ उजाडतो. त्या दिवशी जॅम भरलेले गोल तळलेले पाव खातात, बेकऱ्यांसमोर रांगा. म्हणजे आपली संक्रांत १४ ची आणि यांची २१ ची. मी दोन्ही धरल्या. तिळगूळ पाळणाघरात वाटला (तीळ चालतील का हे आधी विचारून, इथे ॲलर्जीचं फार काटेकोर असतं), आणि संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ साधून शेजारणी बोलावल्या. वाण म्हणून अंगावर लावायच्या चकाकणाऱ्या पट्ट्या दिल्या. भाकरवडीताई हजर होत्या, त्या साक्ष देतील. काल रथसप्तमीला दूध उतू घातलं, इंडक्शनच्या शेगडीवर, शेगडीने लगेच बोंब मारून स्वतःला बंद करून घेतलं.

आता अंधाराबद्दल, कारण त्यासाठीच धागा काढला होता. नोव्हेंबरअखेर बर्फ टिकला आणि भाकरवडीताई म्हणाल्या तसं झालं. दुपारचा निळा उजेड मला आवडायला लागला. अंधाराने मला त्रास दिला नाही. मला त्रास दिला रिकाम्या सकाळींनी. नवरा कामावर, पोरगी पाळणाघरात, आणि मी खिडकीशी. सांगलीत असते तर तेवढाच त्रास झाला असता, पण तिथे दहा पावलांवर माणसं होती. इथे शेजारी चांगले आहेत, पण आपण होऊन दार वाजवत नाहीत. तो शिष्टपणा नाही, तुमच्या घरात डोकावू नये असं त्यांना वाटतं. दार तुम्ही वाजवलंत तर उघडतात, कॉफी देतात, दोन तास बसवून घेतात.

वाचनालयात भाषेच्या गप्पांचा गट भरतो. इमारत मस्त आहे, जुन्या सिनेमागृहाचं लाटेसारखं छप्पर तसंच ठेवलंय. तिथे एक सीरियाची, एक फिलिपिन्सची, दोन युक्रेनच्या आणि मी, सगळ्यांचं नॉर्वेजियन सारखंच मोडकं, त्यामुळे लाज वाटत नाही. दुसरं, पाळणाघराचं श्रमदान. सगळ्या पालकांनी मिळून बर्फ उपसायचा, कुंपण रंगवायचं, मग वाफळता रस्सा आणि वॉफल. फावडं हातात असलं की व्याकरण लागत नाही. तिथल्याच ओळखीतून आता त्याच पाळणाघरात बदली मदतनीस म्हणून बोलावतात. अकाउंट्स नाही, पण पगार आहे आणि मुलं माझी भाषा न हसता दुरुस्त करतात. किंबहुना हसून करतात, पण ते चालतं.

सदाशिव_पेठी_शंका | ५ फेब्रुवारी

रथसप्तमीला सूर्य नेमका किती वेळ होता?

कण्हेर | ६ फेब्रुवारी

ढग होते, शंकाराव. दूध सूर्याच्या अंदाजाने उतू घातलं. पण दिवस आता रोज दहा मिनिटांहून जास्त वाढतोय, आठवड्यात सव्वा तास! आणि आज सामी लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा, राष्ट्रीय दिवस. मुलीच्या पाळणाघरात सगळ्यांना त्यांचं गाणं शिकवलंय. मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात, त्या बघायला या वेळी जाणार. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या गर्दीची सवय आहे, त्यामुळे पुढची जागा पटकावेन असा विश्वास आहे.

बोरकूट | ७ फेब्रुवारी

चकाकणाऱ्या पट्ट्यांचं वाण! दंडवत.

कण्हेर | २८ एप्रिल

भाकरवडीताई, तुमचा एप्रिल आला. ऊन लख्ख आहे, रात्री दहाला आकाश उजळ, आणि दारातून बाहेर पडायला फावडं लागतं. हिवाळाभर निसरड्यावर टाकलेली खडी बर्फ वितळला की वर येते, वाळलेल्या रस्त्यावर धूळ. झाडांना एक पान नाही. तिकडे आईने आमरसाचा फोटो पाठवला, मी उत्तर दिलं नाही.

पण तुमच्याइतका जड गेला नाही. ईस्टरच्या सुट्टीत अख्खं गाव डोंगरावर असतं, तोंडं तांबूस करून, संत्री आणि चॉकलेट घेऊन. पोरगी स्की घालून उतारावरून येते आणि मी खाली हात पसरून उभी. मला वाटतं तुम्हाला एप्रिल जड जातो कारण तुम्ही एकट्या प्रयोगशाळेत असता. पुढच्या वेळी आमच्याबरोबर या.

भाकरवडी_६९ | २८ एप्रिल

निदान बरोबर आहे, फी किती?

कण्हेर | २८ एप्रिल

एक डबा भाजणीची चकली.

आंबेमोहोर | ३ मे

धागा पहिल्यापासून वाचला. आम्ही ऑगस्टमध्ये आल्टाला जातोय, दीड वर्षाचं बाळ आहे. दोन प्रश्न. उन्हाळ्यात बाळ झोपतं कसं? आणि प्रेशर कुकर हातातल्या सामानात चालेल का?

कण्हेर | ३ मे

आल्टा फिनमार्कमध्ये, म्हणजे तुमचं पाळणाघर फुकट. अभिनंदन! झोपेसाठी खिडकीला पूर्ण काळोख करणारा पडदा घ्या, आणि कडेने उजेड येतो तिथे चिकटपट्टी लावा. नुसता पडदा पुरत नाही. इथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, तुमच्याकडे त्याहून थोडं जास्तच. घड्याळाने जेवण, घड्याळाने अंघोळ, घड्याळाने गोष्ट. बाहेर कितीही ऊन असो. आजूबाजूची मुलं रात्री अकराला ट्रॅम्पोलिनवर उड्या मारतात, तिकडे दुर्लक्ष करा, त्यांचे आईबाप हिवाळ्यात झोप भरून काढतात.

कुकर चेक-इन बॅगेत टाका, आत डाळी भरा म्हणजे जागा वाया जात नाही. हातातल्या सामानात तपासणीवाले अडवतात, झाकण उघडायला लावतात, रांग खोळंबते. आणि ११६११७ हा नंबर आजच फोनमध्ये घाला: रात्री-अपरात्री बाळ आजारी पडलं तर डॉक्टरांसाठी. अगदी जिवावरचं असेल तर ११३.

मावशी_पुणेकर | ४ मे

आणि बाळाला बाहेर झोपवणार का?

आंबेमोहोर | ४ मे

मावशी, आधी कुकर पोचू दे.